चार पाकिटं

बेचाळीस मांड्या, बेचाळीस सळ्या.
अडतीस हाडं सांधली, मी लिहिलं,
आणि उरलेल्या चौघांना एकाच ओळीत निजवलं:
'संपर्क होऊ शकला नाही.'

सुखठणकर मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला.
'होऊ शकला नाही, की केला नाही?'
बाहेर ओपीडीची रांग परळच्या फुटपाथपर्यंत.
मी गप्प.
'मग हे चौघं कुठं चालतायत ते बघून ये.
चालत असतील तर.'

तळघरात खोपकरांनी शिडी लावली.
जुन्या फिल्मांना आंबूस, व्हिनेगरसारखा वास.
'डॉक्टर, पाकिटं न्यायला सगळे येतात,
परत आणून ठेवणारा अजून जन्मायचाय.'
तरी चारही मिळाली.

एक बाई काविळीनं गेल्या; मुलगा म्हणाला, पाय ठणठणीत होता.
एकानं लांज्याहून व्हिडिओ धाडला, विहिरीच्या पायऱ्या उतरतानाचा.
एका नंबरावर भलताच कुणी बोलतो, पत्त्यावर आता टॉवर.
चौथे काशिनाथ वैती, ट्रॉम्बे कोळीवाडा.

उजव्या चपलेखाली टायरचा तुकडा, खिळ्यांनी ठोकलेला.
मी टेप लावली. तीन सेंटिमीटर.
'तुमची काही चूक नाही,' ते मलाच समजावत होते,
'मीच लवकर होडीवर गेलो.'
नव्या एक्स-रेत सळी वरच्या स्क्रूपाशी तुटलेली,
कधीची कोण जाणे.
जाऊ नका, असं मी सांगितलं होतं का?
डिस्चार्ज कार्डावर माझंच अक्षर.
मलाही वाचता येईना.

रात्री आकडे पुन्हा मांडले.
ज्या अंकाच्या डोक्यावर तारा होता
त्याचा तारा उतरला.
'उत्कृष्ट' खोडलं, 'बहुतेकांमध्ये' लिहिलं.
नोव्हेंबरची परिषद हुकली.
माझ्या बॅचचा बुटाला तोवर तीन पेपरांचा धनी.
दोन नियतकालिकांकडून साभार परत.
तिसऱ्यानं एकोणीस शंका काढल्या,
मग छापलं.

प्रत घेऊन पुन्हा ट्रॉम्बेला गेलो.
जाळ्याची गाठ अर्धी सोडून त्यांनी पानं चाळली.
'यात माझं नाव कुठाय?'
'नाव नसतं, काका. हे बघा, तक्ता तिसरा, खालची ओळ:
सळी तुटली, पाय आखूड, एक.'
त्यांनी त्या एकावर ओलं बोट ठेवलं,
शाई जरा पसरली.
'हा मी,' बाजूच्या पोराला म्हणाले.