बारदाना

गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात,
आणि ८०८५ च्या चिपला पत्त्याच्या तारा सोळा.
हे मन्मथ स्वामी सरांनी फळ्यावर काढलं होतं
पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला.
तेव्हापासून पत्ता म्हटलं की मला
गोलाईत शिरताना अडलेला टेम्पो दिसतो.

सर आता उदगीरला, लेकीकडं.
त्यांनी केलेला काटा मात्र अजून
भुतडांच्या डाळमिलमध्ये तूर तोलतोय.
तागाचं पोतं गेलं, प्लॅस्टिकचा कट्टा आला,
काटा तरीही कट्ट्यामागं
आठशे ग्रॅम बारदाना कापतो.
हमाल हसतात. माल आणणारे हसत नाहीत.
"बाई, एवढंसं बदलायला किती लागतंय?"
बघते, म्हणाले.

वही आहे, दोनशे पानी, सरांच्या अक्षरात.
पण त्यातलं एक अक्षर चिपला कळत नाही,
मधे दुभाष्या लागतो. असेंबलर.
तो शोधायला बसले.

विकतचा पहिला: किंमत डॉलरात,
म्हणजे दुकानाचं चौदा महिन्यांचं भाडं,
वर कुलूप म्हणून मागच्या पोर्टात खोचायचं एक बोंडूक.
तसलं पोर्ट आता माझ्याकडं नाही,
भंगारवाल्या इलियासकडंही नाही.
दुसऱ्या कंपनीला पत्र लिहिलं.
तो विभाग बंद केला, म्हणाले,
आपण रस दाखवलात, आभारी आहोत.

फुकटातले तीन मिळाले.
एक कुणीतरी हौसेनं लिहिलेला,
त्याला झेड-ऐंशीची बोली येते, आपली नाही.
एमव्हीआय म्हटलं की विचारतो, हे काय?
कूळ एकच, पण बारा कोसांवर भाषा बदलते
ती इथंही.
दुसरा सगळं मुकाट ऐकून घेतो
आणि शेवटी फाइलच देत नाही.
तिसरा चांगला. खरंच चांगला.
फक्त नावाची पहिली सहा इंग्रजी अक्षरं वाचतो,
आणि सरांनी एका जागेला म्हटलंय बारदानवजन,
दुसरीला बारदानवजा.
त्याच्या लेखी दोन्ही बारदान.
हे नाव आधीच आलंय, एवढं बोलून थांबला,
रात्री पावणेदोनला.
मी एकटीच हसले दुकानात.

सकाळी उदगीरला फोन लावला.
"असेंबलर?" सर म्हणाले, "मला कुठं होता?
तक्ता वहीच्या मागच्या पानावर आहे.
पेन्सिल घे."

घेतली.
वजा कर: डी सहा. किती: पाच शून्य.
आठशे ग्रॅम म्हणजे दहा-दहाचे ऐंशी,
ऐंशी म्हणजे सोळाच्या हिशेबात पाच शून्य.
नवा रिकामा कट्टा किराणावाल्याकडं तोलून आणला,
एकशे साठ.
म्हणजे सोळा. म्हणजे एक शून्य.
पाचाचा एक करायचा.
बिटं कागदावर मांडली, जुनी वर, नवी खाली,
आणि चहा निवेपर्यंत बघत बसले.
चिप पुसायचीही गरज नव्हती.
शून्याचा एक करायला जांभळा दिवा लागतो,
सगळी चिप कोरी होते, सगळं पहिल्यापासून.
एकाचं शून्य मात्र कधीही करता येतं.
आणि इथं एकच एक
शून्य व्हायचा होता.

काचेवरचा स्टिकर सरांच्या सहीचा, तो तसाच ठेवला.
एक बिट जाळलं.

मिलमध्ये पहिला कट्टा चढला.
हमालानं आकडा पाहिला, मला पाहिलं,
दुसरा चढवला.
बिलात काय लिहायचं ते मला अजून सुचलेलं नाही.
भुतडाशेठ दोनदा विचारून गेले.

तिसरा असेंबलर काढून टाकला नाही.
दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा वही उघडते
आणि सरांच्या लांबलचक नावांशेजारी
पेन्सिलीनं आखूड नावं लिहिते,
सहा अक्षरांत मावतील अशी.
बारदानवजाला लिहिलं: कट्टा.
पाचच झाली.