कामाशिवाय

दूध संघाच्या पावतीच्या पाठीवर
गोकुळने वर लिहिलं : रविवार, जळगाव.
खाली रेघ मारली आणि पेन माझ्याकडे दिलं,
कारण रेघेखालचं सगळं मलाच ठाऊक असतं.

सात दहाची एसटी.
तेजलचं अर्धं तिकीट, माझंही अर्धं,
आम्ही दोघी मिळून एक.
लोकेश अजून फुकट.
पूर्ण माणूस घरात एकच, गोकुळ,
आणि त्यानेही ही सुटी
दुसऱ्याच्या वाट्याच्या दोन संध्याकाळी
फॅट मोजून आधीच फेडलीय.

खिडकी एरंडोलपर्यंत लोकेशला, पुढे तेजलला.
उलटी झाली तर लिंबू. नाही झाली तरी लिंबू.
दशम्या बारा, शेंगदाण्याची चटणी,
एक जादा चड्डी. नाही, दोन.

गोकुळ म्हणाला, आधी मेहरूण तलाव
का आधी सरकता जिना?
मी म्हणाले, आधी सांग, शू कुठे करायची.
तो गप्प.
एवढ्या मोठ्या शहराचा एवढा लहान प्रश्न
त्याच्या डोक्यातच आला नव्हता.
बस स्टँडवर एक आहे, तिथं पाय ठेववत नाही.
मॉलमध्ये एक, पण तिथं आत शिरायला
काहीतरी विकत घेतल्यासारखा चेहरा लागतो.
तलावावर, बघू.
मी तिन्ही ठिकाणं लिहिली
आणि बाकीचा दिवस त्यांच्या मधल्या जागेत बसवला.

बारा ते चार ऊन.
आमचं वैशाखातलं ऊन शहर बघून कमी होत नाही.
त्या चार तासांपुढे
नुसतं ‘सावली’ लिहिलं.

दुकानात सुकलालआप्पाने
बिस्किटांचे पुडे मोजता मोजता विचारलं,
“जळगावले? कोन आजारी शे?”
कोणी नाही.
“मंग बस्ता?”
नाही.
“कोर्टात तारीख?”
नाही आप्पा, फिरायला. पोरांना घेऊन.
आप्पाचा हात पुड्यावरच राहिला.
“नुसतं?”
नुसतं.

परत येताना वाटेत मोजलं.
जळगावला मी नऊ वेळा गेलेय.
दोनदा सोनोग्राफी, एकदा बस्ता,
एकदा बाबांचा डोळा,
आणि पाच वेळा बाबांचं ते दुसरं,
ज्याचं नाव तेव्हा मला कोणी सांगितलं नाही.
तलाव त्याच रस्त्याला असेल कदाचित.
रिक्षाच्या त्या बाजूला मी कधी बसले नव्हते.

शनिवारी रात्री
तेजलच्या दंडावर बॉलपेनने माझा नंबर लिहिला.
तिने विचारलं, तिथं आपल्याला कोण ओळखतं?
कोणीच नाही, म्हणाले.
मला वाटलं, घाबरेल.
ती म्हणाली, मग मी तिथं
माझं काय पण नाव सांगू शकते.

लोकेश बूट घालूनच झोपला.
पिशवी उचलून पाहिली तर जड.
दशम्यांच्या डब्याखाली खडे,
ओढ्यातले, धुतलेले, आठ.
सकाळी त्याने विचारलं होतं,
तलावात टाकायला तिथं दगड मिळतात का,
आणि पिठात हात असताना मी म्हणून गेले होते,
शहरात सगळं विकत असतं बाळा.

चार काढले.
ओसरीवर ठेवायला गेले, तिथंच उभी राहिले.
परत घातले.
गोकुळचा टॉवेल काढला.

पावती उघडून ‘सावली’च्या खाली लिहिलं :
खडे, आठ.
आणि साडेचारचा गजर लावला.