डझनाला दोरी

वीस वर्षं मी टॉवेलच्या घड्या घातल्या
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, उभ्यानं.
गुडघे गेले तेव्हा संस्थेच्या मॅडम घरी आल्या:
आमच्या पोरांना शिकवाल का?
मी म्हटलं, मी सातवी पास.
त्या म्हणाल्या, घडी तर येते ना.

सहा जण होते. रेवणसिद्ध सगळ्यांत उंच,
तेविसावं लागलेलं, दाढी अजून वडील करून द्यायचे.
नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे, कॅलेंडरवर.
पहिले दोन महिने त्यानं टॉवेल फक्त हुंगला.
मग मीही हुंगला.
कोऱ्या टॉवेलला खळीचा वास असतो,
वीस वर्षांत विसरलेच होते.

कडेला कड. मग अर्धं. मग पाव.
मोजताना माझ्या तोंडी घरचं तेलुगूच येतं,
ओकटी, रेंडू, मूडू...
पन्नेंडू म्हटलं की डझन, डझनाला दोरी.
त्याच्या घरी कानडी, शाळा मराठी,
आता आकडे तेवढे तेलुगूत.
त्याची आई म्हणाली, बाई,
चौथी भाकरी वाढली की हा म्हणतो, नालुगू!

घडी सोपी होती.
अवघड होतं ते वेगळंच:
कुणी "काय बे" म्हटलं तर काय म्हणायचं,
लघवीला जायचंय हे सुपरवायझरला
किती मोठ्यानं सांगायचं,
चहाच्या गाड्यावर उरलेले पैसे कसे मागायचे.
कोपऱ्यावरच्या फारूक चहावाल्याला हाताशी धरलं.
तो मुद्दाम पाच रुपये कमी द्यायचा.
आठव्या दिवशी रेवणसिद्ध म्हणाला, "पाच."
नवव्या दिवशी, "पाच राहिले."
फारूकनं दिले, वर खुशीनं एक बिस्किट.
बिस्किट मी परत द्यायला लावलं.
हिशेबात बिस्किट नव्हतं.

मग बस. अशोक चौकात चढायचं,
पाण्याची टाकी, पेट्रोल पंप, निळं गेट, उतरायचं.
दहा दिवस मी शेजारी बसले, चार दिवस मागच्या सीटवर,
आणि एक दिवस डोक्यावरून पदर ओढून
पार शेवटी, जशी मी त्याची कुणीच नव्हे.
नेमकी त्या दिवशी गड्ड्याची गर्दी.
गाडी भलतीकडेच वळली.
टाकी आलीच नाही.
त्याची बोटं गुडघ्यावर वाजायला लागली.
मी उठले.
परत बसले.
बसून राहणं मला कुणी शिकवलं नव्हतं.
तो कंडक्टरकडे गेला, गरजेपेक्षा मोठ्यानं विचारलं,
"टाकी कुठं गेली?"
अख्खी गाडी हसली.
कंडक्टर तेवढा हसला नाही. म्हणाला,
रस्ता बंद हाय, पुढं उतर, मागं चालत जा.
तो उतरला.
मी दोन माणसं मध्ये सोडून उतरले.

कामाला लागून आता दीड महिना.
परवा गेटपाशी गेले तर आतून आरडाओरडा:
चाळीस टॉवेलांना लेबलं उलटी,
आणि मेरगू सुपरवायझर त्याच्यावर खेकसत होता,
"डोळे कुठं ठेवलेत बे?"

आमच्याकडे वाढदिवसाची केळी वाटायला लोक येतात.
टाळ्या वाजवतात,
तेवीस वर्षांच्या माणसाचा गालगुच्चा घेतात.
त्यांतलं कुणी त्याला आजवर
चुकलास म्हणालं नव्हतं.

चाळीसच्या चाळीस लेबलं त्यानं सोलली,
सरळ लावली. जेवणाची सुट्टी त्यातच गेली.
मी आत गेले नाही.
वॉचमनच्या खुर्चीत बसून राहिले, उगाच हसत.

संध्याकाळी स्टॉपवर भेटला.
"ओरडला," म्हणाला.
"मग?"
"तीन डझन नालुगू."
बस आली. चढता चढता,
माझ्याकडे न बघता,
"गड्ड्याच्या दिवशी तुम्ही मागं होता.
तिकीट काढलं होतं ना?"