पहिली वीस मिनिटं सहन करा

पहिली वीस मिनिटं सहन करा, एवढंच म्हणते.
त्यात काही घडत नाही.
खाडी, होडी, होडीतला पोस्टमन
आणि दावं तुटलेली बकरी.
मग नाव येतं : 'बकरीचं टपाल'.
प्रबोध हसतोय. हसू दे जावयाला.
रत्नागिरीत म्हणे आठ दिवसही चालला नाही,
थेटरवाला तिकिटाचे पैसे परत द्यायला बसला,
तर ते घ्यायलाही कुणी आलं नाही.

करुणा, फोन पालथा ठेव.
एस्तेर, तू पुढे बस, तुला बकरी आवडेल.
शलमोनमामा मिरजेहून व्हिडिओवर आहेत,
त्यांना टीव्हीसमोर धरा. खाली जरा.
आत्ता त्यांना नुसता एसी दिसतोय.

ही बकरी पत्रं खाते.
मग पोस्टमन दारोदार जाऊन
खाल्लेली पत्रं तोंडी सांगतो.
मुलगा खुशाल आहे. पैसे पुढच्या महिन्यात.
गुडघा अजून दुखतो का, विचारलंय.
लोक मान हलवतात. एकही जण म्हणत नाही,
बंद पाकिटातलं तुला रे कसं कळलं?

मुहर्रक, शहाऐंशी साल.
आम्ही चौघी नर्स, एक खोली, वर्गणीतला व्हीसीआर.
खाली इराण्याची भट्टी, तिची धग
फरशीतून तळपायाला लागायची.
कुंजुमोनच्या दुकानात मराठी म्हणून ही एकच कॅसेट.
"कोणी नेत नाही सिस्टर, तुम्हीच ठेवा."
लीलाम्माला मराठीचा गंध नाही, रोझालिंडाला तर नाहीच.
तरी रात्रपाळी उरकून आलो
की ओले केस पंख्याखाली सोडून
आम्ही बकरी लावायचो.
तेव्हा घरची पत्रं बावीस दिवसांनी यायची,
दमट, फुगलेली, कधी कोपरा फाटलेली.
लीलाम्मा म्हणायची, वाटेत एक बकरी आहे.

आता नीट ऐका.
एक तास चार मिनिटांनी
पोस्टमन तांडेलाच्या सुनेच्या दारात उभा राहतो.
ती पदराला हात पुसते. तो तोंड उघडतो,
आणि आमच्या कॅसेटमध्ये तिथे हवामान लागायचं.
नकाशा, नकाशापुढे पांढऱ्या झग्यातला माणूस,
मनामा बेचाळीस, धहरान चव्वेचाळीस,
वारा शमाल, समुद्र खवळलेला.
सात मिनिटं.
कारण करुणा, तू तीन वर्षांची होतीस
आणि तुला लाल बटण आवडायचं.
हवामान संपलं की ती सून
ट्रंक घेऊन होडीत बसलेली.
हसत नाही. रडतही नाही.

बत्तीस वर्षं मी ठरवत आलेय
तो तिला काय म्हणाला असेल.
कधी एकच वाक्य. तुझे बाबा गेले त्या वर्षी
तो इतकं बोलला, इतकं,
की होडी सुटायची वेळ टळून गेली.
तेवढ्यात थोडी अरबीही आली मला. वाऱ्यापावसाची.
वॉर्डात काही उपयोग झाला नाही.

आता दादाच्या नातवाने कुठूनशी अख्खी प्रत मिळवलीय.
धुतलेली. काळं ते काळं, पांढरं ते पांढरं,
सात मिनिटांसकट.
तर बघा. चांगला आहे.
चांगला म्हणजे... बघा तुम्ही.

प्रबोध पंधराव्या मिनिटाला घोरू लागला.
मामांचा फोन केव्हाच बंद पडलाय.
एस्तेरला बकरी हवी आहे, खरीखुरी, या फ्लॅटमध्ये.
एक तास तीन मिनिटं.
चहा टाकते, म्हणत मी उठले.
नळ मोठा सोडला. ऑगस्टात गच्चीवरच्या टाकीचं
पाणी उकळलेलंच येतं, त्याखाली
धुतलेलेच कप पुन्हा धरले.
मनामा बेचाळीस, म्हटलं कपांना. धहरान चव्वेचाळीस.

मागून हात आला, नळ बंद झाला.
"आई, चल. थांबवलाय मी."
दारातून टीव्ही दिसत होता,
पोस्टमनचं तोंड उघडंच.