राहायला की ठेवायला

वास्कोहून निघताना बंदरातल्या कारकुनानं वहीत लिहिलं:
‘तुतवार’, लांबी तीस फूट, माणूस एक.
पुढचं बंदर?
मी म्हटलं, नवी मुंबई. पेन जरा थांबलं.
तिथलं बंदर कंटेनरांचं, म्हणाला. तुमचं नाही.

बदलीच्या पत्रात घरभाडं मंजूर होतं.
होडीभाडं असा रकाना नव्हता.

एजंट, निमेश त्याचं नाव,
सीवूड्सला चौदाव्या मजल्यावर घेऊन गेला.
‘मॅडम, सी व्ह्यू.’
लांब, खारफुटीच्या पलीकडे, एक राखाडी रेघ.
मी म्हटलं, मला त्या रेघेवर राहायचंय.
तो हसला, आणि भाडं दोन हजारांनी कमी केलं.

मग भरतीचं कोष्टक पर्समध्ये घालून
रविवारमागून रविवार खाडीकाठानं फिरले.
वाशीच्या पुलाखालून डोलकाठी जाईल का
हे कुणी छातीठोक सांगेना,
म्हणून ऐरोली सोडली, घणसोली सोडली,
ठाण्याचं तर नावच काढलं नाही.

नेरूळला पहारेकऱ्यानं रजिस्टर पुढं सारलं:
‘राहायला की ठेवायला?’
दोन्ही.
‘दोन्हीला खाना नाय.’
मरिना होणार आहे म्हणाला, इथंच कुठंतरी.
त्याच्या खुर्चीमागं फलकावर पांढऱ्या होड्या,
त्यांच्याखाली निळं, अगदी निळं पाणी,
आणि फलकाखाली खरी खाडी,
चहाच्या रंगाची,
सुकतीला पार मागं सरकलेली.

दिवाळ्यात हाशूराम नाखवा जाळं सांधत बसला होता.
मान वर न करता म्हणाला,
‘पठाण कवरा?’
मला कळलं नाही.
त्यानं तळहात पालथा करून दाखवलं,
पाण्याखाली होडीचा कणा किती उतरतो ते.
साडेचार फूट.
‘उधाणाच्या सुकतीला रुतंल.’
रुतू दे.
‘तू आत असशील तवा?’
असेन.
तेव्हा कुठं सुतळी दातांत धरून
त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं.

मुलगा विमानतळाच्या कामावर लागला
त्या वर्षी नाखव्यानं मोठी होडी विकली.
दोन खांबांमधली तिची जागा
अजून कुणी घेतली नव्हती,
म्हणजे त्यानं घेऊ दिली नव्हती.
भाड्याचं विचारलं तर म्हणाला,
रातचा दिवा लाव.
तिथं काळोख बरा दिसत नाय.

बँकेत बाई विचारतात, घर क्रमांक?
हाशूराम नाखव्याच्या होडीची जागा, दिवाळे कोळीवाडा.
मजला?
भरतीला पहिला, सुकतीला तळमजला.
त्या हसल्या नाहीत.
पुढच्या टोकनचं बटण दाबलं.

पाणी रात्री परततं, आज सव्वातीनला, उद्या चारला.
आधी काहीच नसतं.
मग चिखल होडीला सोडताना
एक ओला, लांबट आवाज,
फणसातून गरा सुटावा तसा,
आणि डाव्या कुशीला कललेलं सगळं,
कप, चष्मा, मी,
हळूहळू सरळ होतं.
दर वेळी जाग येते.
दर वेळी आधी दिवा बघते.

चिखलात टिपत फिरणारे खरे तुतवार
केव्हाच उत्तरेला गेले.
काल किनाऱ्यावर पहिली होडी वर ओढली, मे संपत आला.
‘तुजी बी ओढू,’ नाखवा म्हणाला,
‘चार दोऱ्या, धा पोरं.’
मग पावसाळाभर मी कुठं,
हे त्यानं विचारलं नाही.

मी बांबूच्या शिडीची किंमत
विचारून ठेवलीय.