खंयची गो तू?

रत्नागिरीची धावपट्टी सोडली तेव्हा सव्वाचार झाले होते.
पूर्णगडची खाडी पंखाखालून सरकली
आणि कानात गोव्याचा आवाज आला:
स्क्वॉक चार दोन सहा एक.
मी परवचा म्हणावा तसे आकडे परत म्हटले
आणि हात नेला रेडिओखालच्या डब्याकडे,
गुडघ्याच्या जरा वर बसलेला, चार खुंट्यांचा.

आधी स्टँडबाय, कॅप्टन फुर्तादो सांगायचे,
मगच आकडे.
फिरवता फिरवता सात सात शून्य शून्यवर गेलीस
तर अर्धा किनारा तुला वाचवायला धावेल,
आणि तू इथे चकली खात बसलेली.
चकली त्यांच्याच डब्यातली असायची.

चार. दोन. सहा. एक.
मग मोठी खुंटी उंचीच्या खुणेवर,
आणि कोपऱ्यातला पिवळा दिवा लुकलुकला.

लांबून कुणी विचारतं, मला ऐकूही येत नाही,
डबा उत्तर देऊन मोकळा:
हा माझा आकडा, एवढी माझी उंची.
रडारच्या दर फेरीला तोच प्रश्न, तेच उत्तर.
तळाशीलच्या तरीवर भिवा तांडेल असाच विचारायचा,
खंयची गो तू? कोणाची?
काल सांगितलेलं असायचं, परवाही,
तरी वल्हं पाण्यात घालण्याआधी
पुन्हा सगळं सांगावं लागायचं, बापाच्या नावासकट.

बापाचं सांगते.
शिकत होते तेव्हा एकदा, जमिनीवर, इंजिन बंद असताना,
गंमत म्हणून त्याच्या होडीचा नंबर लावायला गेले.
एक, सहा,
आणि तिसरी खुंटी सातावरून थेट शून्यावर.
या खिडकीत आठ नाही. नऊ तर नाहीच.
‘सातेरी’चा नंबर सोळाशे एकोणनव्वद.
माझा बाप या डब्यात मावत नाही.

त्यालाही एक डबा दिलाय सरकारने, होडीसाठी.
तो डोलकाठीला बांधतो, बंदरातून निघताना चालू करतो,
आणि सुरमई लागायची जागा जवळ आली
की त्यावर ओलं गोणपाट टाकतो, वर वायरही काढतो.
विचारलं तर म्हणतो, बॅटरी म्हातारी झाली.

कुणकेश्वरच्या पुढे खाली यायचं होतं,
तिवरांचे फोटो पाचशे फुटांवरून हवे होते.
मागच्या सीटवर फोटोवाला दार धरून वाकलेला.
हजार. आठशे. सहाशे.
दिवा अडखळला, एकदा लुकलुकला,
आणि थांबला.
डबा चालूच होता. विचारणारं कोणी उरलं नव्हतं.
आचऱ्याची खाडी, वाळूचा दांडा, वाळत घातलेली जाळी,
आणि मी, आकडा असलेली, पण कोणाचीच नाही.
भीती नाही वाटली. भूक लागली, खरं सांगायचं तर.

तेव्हा दिसली.
सगळ्या होड्या एका बाजूला, ही एकटीच,
निळा पट्टा, नाळेवर पिवळं निशाण,
डोलकाठीवर गोणपाट.
माझं बोट आयडेंटच्या बटणावर गेलं.
सांगितल्याशिवाय ते दाबायचं नसतं.
दाबलं.
वर बघून कोणी हात केला की जाळं ओढत होता
ते पाचशे फुटांवरून कळत नाही.

चिपीला उतरून डबा स्टँडबायवर टाकला,
पाय मोकळे केले, फोन लावला.
तीन वेळा वाजला.
‘वैजू, खंय आसस?’
‘मघाशी तुझ्या डोक्यावर होते.’
पलीकडे नुसता वारा. मग आवाज एकदम बारीक:
‘जागो बघलंस?’
‘बघितला.’
‘कोणाक सांगशीत तर बघ.’

लॉगबुकात वेळ लिहिली, उंची लिहिली, कोड लिहिला.
शेरा म्हणून एक रकाना असतो शेवटी.
त्यात फोटोवाल्याला उलटी झाली
एवढंच लिहिलं.