एकशे ब्याऐंशी

साकोलीला, खताच्या दुकानावर,
नाकाडे सीएची खोली.
लोखंडी जिन्यानं युरियाचा वासही वर येतो.
त्यानं माझा पासपोर्ट
हात बघावा तसा तिरपा धरला,
नागपूरचा शिक्का शोधला
आणि पेरांवर मोजू लागला:
मेचे बावीस, जूनचे तीस…
"ताई, आज एकशे सत्तरावा.
एकशे ब्याऐंशी भरले की तुम्ही इथल्या."

मी इथलीच आहे, असं ओठावर आलं होतं.
पण त्या खोलीत त्या शब्दाला
वेगळाच भाव होता.

इथली झाले, तर कासेलच्या इस्पितळात
रात्रपाळ्या करून मिळवलेलं सगळं
इथल्या कागदावर मांडायचं.
"घाबरू नका," नाकाडे म्हणाला,
"दोन देशांचा करार आहे. तिकडं भरलेलं इथं वळतं होतं.
सांगायचं मात्र दोन्हीकडे.
फक्त तिथल्या कचेरीचा दाखला आणा."

दाखला. हा तर बाबांचा शब्द.
चिचटोल्याचे कोतवाल, एकतीस वर्षं.
मार्च आला की डफडं गळ्यात,
"साराऽ भरा होऽ", या टोकापासून त्या टोकापर्यंत.
आमच्या नावावर गुंठाभरही नव्हतं.
लोकांच्या साऱ्यानं बाबांचा घसा बसायचा
आणि कोमट पाणी मी नेऊन द्यायचे.

माझी पहिली पगारचिठ्ठी त्यांनी फोनवर पाहिली.
करवर्ग एक. म्हणजे बिनलग्नाची, एकटी; एवढंच.
बाबा पानठेल्यावर सांगून आले:
"पोरगी क्लास वन झाली."
चार वर्षं झाली, मी दुरुस्त केलेलं नाही.

आणि हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं:
तिथं नाव नोंदवायला गेले, तर अर्जात धर्माचा रकाना.
पेन थांबलं. शाळेपासूनची सवय,
हा रकाना आला की मान आधी खाली जाते.
लिहिलं, बौद्ध.
खिडकीतल्या बाईनं वाचलं, म्हणाली,
मग चर्चचा कर तुम्हाला लागू नाही.
शिक्का. पुढचा नंबर.
ट्रामच्या थांब्यावर मी कितीतरी वेळ
एकटीच हसत बसले होते.

तिकडचं साल जानेवारीत लागतं, इकडचं एप्रिलात.
आजोबा सालदार; त्यांचं पाडव्याला.
कोणत्या सालाची बाकी कोणाकडे,
हे नाकाडेलाही सांगता येणार नाही.

बाबांचा खुबा मोडला म्हणून आले होते.
आता वॉकर धरून अंगणात फिरतात.
बांधापलीकडे धान कापणं सुरू,
आणि मी पावलं मोजते. काल सेहेचाळीस झाली.

आज मधेच सांगून टाकलं:
बाबा, अकराच दिवस उरले.
"काऊन? बारावा दिस रायलीस
त कोन हाकलते तुले?"
हाकलत नाही कोणी, म्हटलं. ठेवून घेतात.
ते थांबले. वॉकर मातीत नीट टेकवला.
गावभर ओरडलेला तो आवाज
आता अंगणापुरता उरलाय.
"मंग ते वाईट हाय का?"

मी त्यांच्या पायाकडे बघत राहिले.
उचला, म्हटलं.
सत्तेचाळीस.